फूटपट्टीतून ऐकू आलेला पंखा

अमडापूरच्या वच्छलाबाईंना ऐकू कमी येतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. किती कमी येतं हे मात्र कुणालाच नीट सांगता आलं नसतं, आणि त्यांना स्वतःला तर मुळीच नाही. लहानपणी माहेरी, संग्रामपूरला असताना गोवर निघाला आणि त्याच्या पाठोपाठ दोन्ही कान फुटले. आई लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायची, वर कापसाचा बोळा बसवायची. पू थांबायचा आणि पावसाळा आला की पुन्हा वाहायला लागायचा. होता होता एका दुपारी आई दारातून हाका मारून थकली, तरी पोरगी अंगणात पाठमोरी बसून चिंचोके मांडतच राहिली. तेव्हा घरच्यांना उमगलं.

शाळा सुटली ती त्यातच. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याचं बोलणं वच्छलेपर्यंत पोचत नसे. मग कडूबामामाने तिला आपल्या शिलाईच्या दुकानात आणून बसवलं. मामा बोलायचा कमी आणि दाखवायचा जास्त, त्यामुळे दोघांचं छान जमलं. कापड कसं धरायचं, कैची कुठून घालायची, मशिनीच्या कोणत्या भोकात तेलाचे थेंब सोडायचे, सगळं ती बघून बघून शिकली. मशीन बिघडली की तिच्या तळपायांना आधी कळायचं. पायट्यातून येणारी थरथर बदलायची.

तिला एकच खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मामाचं घड्याळ तिने दोनदा उघडलं. दुसऱ्यांदा ते परत लागलं नाही. मामा रागावला, आणि मग तिच्याशेजारी बसून स्वतःही त्यातली चाकं बघत राहिला.

लग्न होऊन ती अमडापूरला आली. नवरा नारायणराव भाजीपाल्याचा मळा करायचा. मेथी, वांगी, कांदे. स्थळ बघायला आला तेव्हाच त्याला सारं सांगितलं होतं. त्याने फार बोलून दाखवलं नाही, पण लग्नानंतर एक सवय लावून घेतली ती कायमची. बायकोशी बोलायचं तर आधी तिच्यासमोर येऊन उभं राहायचं. दिवेलागणीला कंदील हातात घेऊन आला, तर तो खाली न धरता आपल्या तोंडाजवळ धरायचा, म्हणजे तिला ओठ दिसावेत. गावातली माणसं हसायची. त्याला त्याचं काही वाटत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती आणि अमडापुरात नुकतेच विजेचे खांब आले होते. त्याच सुमारास पंचायत समितीतर्फे बायकांसाठी शिवणवर्ग निघाला. ग्रामसेविका सिंधूताई मेहकरकडच्या. त्यांच्या घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि चालणं असं की बरोबरच्या बाईला पळावं लागे. शिकवायला कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा गावाने वच्छलाबाईंचं नाव सांगितलं. तरी कुणीतरी शंका काढलीच, की ऐकू येत नाही ती बाई शिकवणार कशी? सिंधूताईंनी वच्छलाबाईंच्या घरी जाऊन त्यांनी शिवलेलं पोलकं उलटं करून आतली शिवण बघितली आणि वर्ग त्यांच्या हवाली केला.

पंचायतीच्या कचेरीला लागून पत्र्याची एक खोली होती, तिथे वर्ग भरायचा. चैत्र लागला आणि पत्रे तापायला लागले. बायकांच्या कपाळाचा घाम कापडावर गळायचा. आडत दुकानदार अर्जुनरावांनी दुकानात छताचा नवा पंखा बसवला होता. त्यांचा जुना टेबलपंखा माळ्यावर पडून होता, तो त्यांनी वर्गाला देऊन टाकला.

पंखा आला, धूळ पुसली, बटण दाबलं. वारा तर झकास लागला. पण दुसऱ्याच क्षणी बायकांनी कानांवर हात ठेवले.

"बाई, हा पंखा हाय का पिठाची गिरणी?" पुष्पाबाई म्हणाल्या. त्या वर्गातल्या सगळ्यांत बोलक्या. त्यांना बोलल्याशिवाय टाका घालता येत नसे.

वच्छलाबाईंना बायकांचे वाकडे झालेले चेहरे दिसले. त्यांच्या स्वतःच्या कानांवर मात्र काहीच आलं नाही. वारा गालाला लागत होता, टेबलावरचे सुटे धागे उडत होते, बस.

मग रोजचाच खेळ सुरू झाला. पंखा लावला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही. बंद केला की घाम. सिंधूताईंनी एकदा तो पंखा एस.टी.त मांडीवर घेऊन चिखलीला नेला. तिथल्या कारागिराने तो फळीवर आडवा ठेवून पुढून तेल सोडलं, पाती पुसली, तसाच चालवून दाखवला. आवाज नाही. परत आणला आणि थोड्या वेळात पुन्हा तेच. पुन्हा नेला, पुन्हा तिथे गप्प. शेवटी कारागीर कंटाळून म्हणाला, "ताई, माणूस म्हातारा झाला की कण्हतो. तसंच समजा."

वच्छलाबाईंना वेगळ्याच गोष्टीचं कुतूहल लागलं होतं. त्यांनी पुष्पाबाईंच्या समोर जाऊन विचारलं, "आवाज कसा हाय त्याचा?" त्यांचं बोलणं फार हळू असे. नवख्याला वाकून ऐकावं लागे.

"कसा म्हंजे? जात्यात खडा आल्यावर येते ना, तसा."

दुसरी बाई म्हणाली, भुंगा डब्यात कोंडल्यासारखा. तिसरी म्हणाली, मांजर भांडायच्या आधी करते तसा. सिंधूताईंनी विचार करून सांगितलं, "आपली एस.टी. घाट चढते ना, तेव्हा कशी कुरकुरते. थोडा तसा."

वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि त्या आणखीच घोटाळ्यात पडल्या. एकच पंखा, आणि प्रत्येकीला निराळा ऐकू येतो. मग खरा आवाज कोणता?

त्यांनी पंख्याच्या पाठीवर तळहात ठेवला. तळव्याला मुंग्या आल्या. बिघडलेल्या मशिनीसारखंच वाटलं. त्यांना वाटलं, पातं वाकलं असेल. वायर काढून, पुढची जाळी उतरवून त्यांनी पाती डोळ्यांसमोर धरली आणि एक थोडं वाकडं वाटलं ते हाताने सरळ केलं. ते बहुधा आधीच सरळ असावं. कारण बटण दाबताच पंखा टेबलावरून चालायला लागला. पुष्पाबाईंनी तो पडता पडता धरला आणि वर्गभर हसू पसरलं. वच्छलाबाईही हसल्या. मग दोरा घेऊन प्रत्येक पात्याचं टोक मागच्या जाळीपासून किती लांब आहे ते मापलं आणि पातं होतं तिथे परत आणलं. चालणं थांबलं. आवाज मात्र होता तसाच राहिला, असं बायकांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या परकराचं कापड बेतत होत्या. एका हातात खडू, दुसऱ्यात कापडाचा काठ. हात रिकामे नसले की लाकडी फूटपट्टी दातांत आडवी धरायची ही त्यांची सवय मामाच्या दुकानापासूनची. टेबलाच्या टोकाशी पंखा चालू होता. कापडाची सुरकुती काढायला त्या वाकल्या आणि फूटपट्टीचं टोक पंख्याच्या जाळीला टेकलं.

डोक्यात काहीतरी भरून आलं.

त्या झटकन मागे झाल्या. खडू खाली पडला. पहिल्यांदा वाटलं, वीज लागली. हात बघितले, हात ठीक होते. तोंडाला काही झालं नव्हतं. मग वाटलं, भोवळ आली असेल. त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पंख्याकडे बघत राहिल्या. जे आलं होतं ते त्यांच्या ओळखीचं होतं, फार जुन्या ओळखीचं, पण त्याला नाव काय द्यावं ते सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने त्या उठल्या, फूटपट्टी दातांत घट्ट धरली आणि टोक सावकाश जाळीला लावलं. पुन्हा ते आलं. घरघर, घरघर, आणि मधूनच एक खरखर. टोक काढलं, गेलं. लावलं, आलं.

"ताई," त्यांनी सिंधूताईंचा हात धरला, "पंखा बंद करा. आता लावा. आता पुन्हा बंद करा."

सिंधूताईंनी काही न विचारता तसं केलं. वच्छलाबाई, वारा लागू नये म्हणून पंख्याच्या मागे, फूटपट्टीचं टोक जाळीला टेकवून डोळे मिटून उभ्या होत्या. प्रत्येक वेळी बटण कधी दाबलं हे त्यांनी बोटाने बरोबर दाखवलं. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "मले ऐकू येऊन राह्यलं. जात्यात खडा आल्यावर येते तसाच हाय. पुष्पाबाई बरोबर सांगत होत्या."

मग पुष्पाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि आपलं म्हणणं बरोबर निघालं म्हणून त्याच दमात शेजारणीकडे एकदा बघूनही घेतलं.

आता वच्छलाबाईंना कोण थांबवणार? त्यांनी फूटपट्टी पंख्याच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. जाळीच्या वरच्या भागाला लावली तर आवाज मोठा, पण किणकिणता. तिथला एक स्क्रू ढिला होता. तो आवळला, किणकिण गेली. बैठकीला लावली तर नुसती हलकी गुणगुण. मोटरीच्या पाठीमागच्या टोपणाला लावली आणि त्यांचे दात शिवशिवले. खरखर तिथे होती, अगदी तिथेच, डाव्या अंगाला खालच्या बाजूला.

वायर काढली. शिलाई मशिनीच्या पेचकसाने टोपणाचे स्क्रू निघेनात, तेव्हा सिंधूताईंनी कचेरीतून मोठा पेचकस आणला. टोपण उघडलं आणि दोघी वाकल्या.

आत मातीचं घर होतं. कुंभारीण माशी करते तसं, गुळगुळीत, राखाडी, बोटभर लांबीचं, टोपणाच्या जाळीला आतून चिकटवलेलं. पंखा माळ्यावर पडून असताना तिला ही आडोशाची जागा सापडली असणार. घराला एका बाजूने भोक होतं, म्हणजे पिल्लू मोठं होऊन उडून गेलेलं. घराचा एक कपचा तुटून सुटा झाला होता.

"पण हे घासते कशाले?" सिंधूताईंनी विचारलं. बोलताना त्यांनी मुद्दाम तोंड वर केलं.

वच्छलाबाईंनी मोटरीचा दांडा बोटाने फिरवला. दांड्याच्या मागच्या टोकाला लहान लहान पाती होती, नखाएवढी. पुढचा मोठा पंखा माणसांना वारा घालायचा आणि हा मागचा लहानगा मोटरीला. सुटा कपचा त्या पात्यांत येऊन घासत होता. पंखा उभा असला की तो तिथे सरकायचा. चिखलीच्या कारागिराच्या फळीवर पंखा आडवा पडलेला असायचा, तेव्हा तो बाजूला पडून गप्प बसायचा. परत येताना एस.टी.च्या धक्क्यांनी पुन्हा जागेवर यायचा. त्या बिचाऱ्या कारागिराला कळणार कसं?

"पंख्याले पण पंखा लागते," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ ती लहान पाती फिरवत बसल्या.

माती खरवडून काढली, फुंकून साफ केली, तेल दिलं, टोपण लावलं. बटण दाबलं तर पंखा फिरेना. नुसता हुंकार देऊ लागला आणि पाठ तापायला लागली. सिंधूताईंनी पटकन वायर ओढली. टोपण तिरकं बसलं होतं. एका बाजूचा स्क्रू आधीच पूर्ण आवळल्यामुळे दांडा अडकला होता. पुन्हा उघडलं. या वेळी एक इकडचा थोडा, एक तिकडचा थोडा, असे आळीपाळीने स्क्रू फिरवले. पंखा सुरू झाला.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग पुष्पाबाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईने त्याला उत्तर दिलं.

वच्छलाबाईंनी फूटपट्टी लावून बघितली. आत एक सलग, मऊ वाहतं काहीतरी होतं. कापडावरून हात फिरवावा तसं.

वर्गाचं काम तिथे संपलं. वच्छलाबाईंचं नाही. फूटपट्टी घेऊन त्या घरी गेल्या आणि दिसेल त्या वस्तूला लावत सुटल्या. दळताना जात्याच्या खालच्या पाळूला लावली. चुलीवरच्या डाळीच्या पातेल्याला लावली, तर आतला खदखदाट असा आला की त्यांनी झाकण काढून बघितलं. घडवंचीवरच्या घड्याळाला लावली आणि त्याची टिकटिक ऐकत बसल्या, इतक्या की डाळ खाली लागली.

नारायणराव मळ्यातून आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय धुऊन ते ओट्यावर टेकले. वच्छलाबाई समोर आल्या, फूटपट्टीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं त्यांच्या हनुवटीच्या हाडाला लावलं.

"हे काय?" नारायणराव म्हणाले, आणि बायकोचे डोळे मोठे झालेले बघून थांबले. "काय झालं वं?"

त्यांनी हातानेच खुणावलं, बोला.

"काय बोलू?" माणूस गोंधळला. इतकी वर्षं तो ओठ नीट हलवून, मोजकंच बोलत आला होता. "मेथी उद्या उपटा लागते. चिखलीच्या बाजारात नेईन म्हणतो. कांद्याले अजून वेळ हाय. अन्... बैलाचा खूर बरा झाला."

वच्छलाबाई हसायला लागल्या. फूटपट्टी दातांतून निसटली.

"काऊन हसून राह्यली?"

"मले वाटे तुमचा आवाज जाडाभरडा असन. तुमच्या हातासारखा. तो तर बारीक हाय. थोडा नाकातला."

नारायणरावांनी आपल्याच गळ्याला हात लावून बघितला. "चांगला नाही का?"

"चांगला हाय. पण ओळखीचा व्हायले वेळ लागन." त्यांनी फूटपट्टी पुन्हा उचलली. "बैलाचं काय सांगत होते, ते पुन्हा सांगा."

त्या संध्याकाळी नारायणराव इतकं बोलले की शेजारच्या बाईने पाहुणे आलेत का म्हणून डोकावून बघितलं.

सिंधूताई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. त्या महिन्यातच त्या वच्छलाबाईंना घेऊन बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कानांत बत्तीचा उजेड पाडून बघितलं, मग चिमट्यासारखं दोन टोकांचं एक लोखंडी दुबेळकं टेबलावर आपटून, ते थरथरत असताना आधी कानासमोर धरलं. काही नाही. मग त्याची मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. वच्छलाबाईंनी ऐकू आलं म्हणून मान हलवली.

"कानाचे पडदे गेलेत," डॉक्टरांनी सांगितलं, "पण आतली नस शाबूत आहे. आवाज दारातून येत नाही, भिंतीतून येतो, म्हणजे हाडातून. फूटपट्टीचं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "टेकली."

मग त्यांनीच डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली. भाकरी चावताना एवढा आवाज का येतो? आपलंच बोलणं आपल्याला मोठं वाटतं, ते का? डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. स्वतःचा आवाज हाडातून मोठा पोचतो, म्हणून तुम्ही हळू बोलता, असं ते म्हणाले. बाहेर रांग लागली होती तरी दोघांचं चित्र संपेना.

औषधांनी कानातलं वाहणं कायमचं थांबलं. ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागेल, गुण येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वच्छलाबाईंनी घरी येऊन विचार केला आणि ते राहू दिलं. पुढे काही वर्षांनी बुलढाण्याला शिबिर भरलं, तिथे त्यांना हाडावर टेकवायचं यंत्र मिळालं. छातीशी डबी, कानामागे बटण. वर्गात त्या ते लावायच्या. बाजारात गेल्या की काढून ठेवायच्या, कारण तिथे सगळेच एकदम बोलतात आणि कुणाचं ऐकावं हे समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

लोकांनी मात्र त्यांना फूटपट्टीसाठीच लक्षात ठेवलं. कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाचं इंजिन ठोके द्यायला लागलं, की वच्छलाबाईंना बोलावणं यायचं. कधी रोग सापडायचा, कधी नाही. सापडला नाही तर त्या तसं सरळ सांगायच्या.

मळ्यातल्या विहिरीवर विजेची मोटर बसली त्या दिवशी नारायणरावांनी नारळ आणला होता. गडीमाणसं पाटाशी उभी होती. बटण दाबलं, मोटर घुमायला लागली, पण पाइपाच्या तोंडातून नुसती हवा येत होती. सगळ्यांच्या नजरा त्या तोंडाकडे. वच्छलाबाई जरा मागे, विहिरीच्या कठड्यापाशी बसल्या होत्या. दातांत फूटपट्टी, तिचं टोक पाइपाला टेकलेलं. डोळे मिटलेले.

नारायणराव त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. वच्छलाबाईंनी एक हात वर करून त्यांना थांबवलं. पाइपाच्या आत खोलवर काहीतरी गुडगुडलं होतं आणि चढत होतं.

"येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या.

नारायणराव पाटाकडे वळले, आणि पाणी आलं.